काँटेसाचा अशक्तपणा

कर्नाळ्याच्या चढावर उदयसिंह शितोळ्यांच्या काँटेसाला सिमेंटच्या मिक्सरनं मागं टाकलं, तेव्हा अपमान नेमका कोणाचा झाला यावर शितोळ्यांच्या घरात पुढे बरीच चर्चा झाली. उदयसिंहांच्या मते तो गाडीचा झाला. त्यांच्या पत्नी नीताबाई यांच्या मते तो त्यांचा स्वतःचा झाला, कारण मिक्सरचा ड्रायव्हर जाताना गाडीकडे बघून हसला नव्हता, त्यांच्याकडे बघून हसला होता.

मिक्सर घाईत नव्हता. पाठीवरचं पिंप सावकाश फिरवत, पोटातला माल ढवळत तो उजवीकडून आला, काँटेसाच्या लांबलचक बॉनेटशेजारून रमतगमत गेला आणि पुढच्या वळणावर दिसेनासा झाला. त्याच्यामागून न्हावा शेव्याहून आलेला एक कंटेनर आला. त्याच्या क्लीनरनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून आदबीनं विचारलं, "अंकल, रस्सी है. बांध दूं क्या?"

उदयसिंहांनी पाय दाबला. तो आधीच पूर्ण दाबलेला होता. गाडी हुंकार देत होती, थरथरत होती, प्रयत्नात कुठंही कसूर करत नव्हती. फक्त पुढे जात नव्हती.

पेणला नीताबाईंच्या बहिणीच्या नातीचं बारसं होतं. दोघं पोचले तेव्हा नाव ठेवून झालं होतं, घुगऱ्या संपल्या होत्या आणि बाळ नव्या नावाला सरावून झोपी गेलं होतं. घरी आल्यावर पर्स ठेवता ठेवता नीताबाई एका दमात म्हणाल्या, "दिवाळीच्या आत ही गाडी नीट करा. नाही झाली तर हरेशला देऊन टाका. तोवर मी हिच्यात बसणार नाही. अहो, लोक दोरी विचारतात!"

हरेश हा रोडपालीचा. त्याच्या घरची एके काळी खाडीलगत भातशेती आणि मिठागर होतं; आता तिथं इमारती आहेत आणि त्यांतल्या दोन हरेशच्या आहेत. उदयसिंह तळोज्याच्या ज्या रंगाच्या कारखान्यात खरेदी अधिकारी होते, तिथं हरेशचे ट्रक लागत. तेव्हापासून दर दिवाळी पाडव्याला तो मिठाईचा खोका घेऊन येई आणि निघताना खाली पार्किंगमध्ये काँटेसाजवळ दोन मिनिटं थांबून म्हणे, "काका, इकायची झाली तर पयलं मना सांगा." उदयसिंह दर वर्षी हसत. यंदा ते हसू कसं आणायचं, हा प्रश्न होता.

ही गाडी म्हणजे कारखान्याच्या मोठ्या साहेबांची. साहेबांनी परदेशी गाडी घेतली तेव्हा ही अधिकाऱ्यांमध्ये विकायला निघाली. बाकीच्या अधिकाऱ्यांना ती किती पेट्रोल पिते हे ठाऊक होतं. उदयसिंहांनाही ठाऊक होतं. पण त्यांनी एकदा साहेबांबरोबर पुढच्या सीटवर बसून उरणपर्यंत प्रवास केला होता, आणि काही गोष्टी ठाऊक असून उपयोग नसतो. त्या काळी पनवेलच्या एस.टी. स्टँडसमोर ही पांढरी गाडी थांबली की हवालदार आधी सलाम ठोकायचा आणि मग आत कोण बसलंय ते बघायचा. सिनेमात ही गाडी कायम खलनायकाकडे असे. उदयसिंहांच्या स्वभावातला खलनायकीपणा इतकाच, की सोसायटीच्या सभेत ते मागच्या सभेचं इतिवृत्त पूर्ण वाचून घ्यायचा आग्रह धरत.

गाडी त्यांनी जपली, हे म्हणणं कमी पडेल. आतला मूळ गालिचा वाइनच्या रंगाचा होता. त्याला डाग पडू नये म्हणून कारखान्यातून आल्या दिवसापासून त्यावर जाड प्लास्टिक होतं. प्लास्टिकवर पाय घसरतो म्हणून त्यावर रबरी मॅट आली. मॅटवर पावसाळ्यात चिखल बसतो म्हणून त्यावर काथ्याचं पायपुसणं कापून बसवलं. आणि काथ्या बुटांना खात असल्याचं लक्षात आल्यावर, गेल्या वर्षी, त्यावर सोलापुरी सतरंजीचा तुकडा आला. त्याच्या कडा नीताबाईंनी शिवून दिल्या होत्या. गालिचा वाइनच्या रंगाचा आहे, हे आता घरात ऐकीव ज्ञान होतं.

पनवेलमध्ये गाडी बंद पडली तर कोणी थांबत नाही. पण गाडी हळू चालते, असं नुसतं म्हणा; अख्खी सोसायटी थांबते.

पहिले आले दुसऱ्या मजल्यावरचे महादेवराव. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि आधुनिक जगाची घसरण पेट्रोलपासून सुरू झाली या मताचे.

"हल्ली पेट्रोलात काय घालतात, ठाऊक आहे?"

"इथेनॉल," उदयसिंह म्हणाले.

"म्हणजे मळी. उसाची मळी. उदयसिंह, तुम्ही गाडी चालवताय की गुऱ्हाळ?"

टाकी रिकामी करायची ठरली. नळी लावून पेट्रोल तेलाच्या डब्यांत काढलं आणि डबे जिन्याखाली ठेवले. तासाभरात सोसायटीच्या सेक्रेटरी भावनाताईंचा ग्रुपवर संदेश आला, की 'ज्या सभासदानं जिन्याखाली ज्वलनशील पदार्थ ठेवले आहेत, त्यानं ते त्वरित हलवावेत, अन्यथा नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल.' त्याखाली सतरा जणांनी हात जोडले आणि एकानं चुकून केक पाठवला. ज्या सभासदानं सगळी वर्षं दुसऱ्यांना नियम वाचून दाखवले, त्याला नियम वाचून दाखवायची संधी सोसायटीला प्रथमच मिळत होती. ती कोणी वाया घालवली नाही. शेवटी ते पेट्रोल महादेवरावांनी आपल्या स्कूटरमध्ये भरून घेतलं. स्कूटर त्यावर झकास पळाली.

काँटेसात दुसऱ्या पंपावरचं नवं पेट्रोल भरलं. ती पहिल्यासारखीच चालली, म्हणजे चालली नाही.

मग आला प्रितेश. चौथ्या मजल्यावर राहणारा, घरून काम करणारा आणि कामाच्या वेळात अमेरिकन लोकांचे गाड्या दुरुस्त करायचे व्हिडिओ बघणारा. तो सोबत एक लहानसं यंत्र घेऊन आला होता. ते गाडीला जोडलं की बिघाड फोनवर लिहून येतो, असं त्याचं म्हणणं होतं. डॅशबोर्डखाली डोकं घालून त्यानं बराच वेळ शोध घेतला.

"काका, हे जोडायला हिला जागाच नाही."

"नसणारच. ही गाडी आली तेव्हा बिघाड ड्रायव्हरला कळायचा."

"अमेरिकेत असल्या गाड्यांना मसल कार म्हणतात, काका. तिकडे पॉवर गेली की पहिल्यांदा हवा बघतात. इंजिनाला श्वास घेता येत नसणार. एअर फिल्टर चोकअप."

हे निदान उदयसिंहांना मनापासून पटलं, कारण त्यात गाडीला दमा असल्यासारखं वाटत होतं आणि दमा हा सभ्य आजार आहे. त्यांनी फिल्टर काढला. तो काळा होता. खरेदी अधिकारी म्हणून आयुष्य काढलेला माणूस चांगली वस्तू टाकून नवी घेत नाही. त्यांनी तो कोमट पाण्यात साबणाची पूड टाकून भिजत घातला, हलक्या हातानं चोळला आणि गॅलरीतल्या दोरीवर दोन चिमट्यांनी वाळत टाकला. फिल्टर कागदी होता. संध्याकाळी नीताबाई म्हणाल्या, "ही कुरडई कसली वाळत घातलीय?"

नव्या फिल्टरसाठी त्यांनी पनवेलमधली सुट्या भागांची सगळी दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं गाडीचं नाव ऐकून गल्ल्यावरून उठून हात मिळवला. "म्हणजे पुलावरून जाणारी ती पांढरी तुमची! माझे वडील सांगायचे हो त्या गाडीबद्दल." फिल्टर त्याच्याकडे नव्हता. आदर भरपूर होता. शेवटी फिल्टर कोइमतूरहून कुरियरनं आला, तो ट्रॅक्टरचा निघाला आणि नवल म्हणजे बसला. गाडी श्वास घेऊ लागली, असं प्रितेश म्हणाला. पण चढ आला की तो श्वास ती जागच्या जागी घेई.

आता शौकतभाईंकडे जाणं आलं. जुन्या पनवेलातलं त्यांचं गॅरेज त्यांच्या वडिलांपासूनचं. गाडी परक्याच्या हाती देताना उदयसिंहांची एक पद्धत होती. फार पूर्वी एका धुलाई केंद्रात त्यांच्या मॅटच्या जागी कुठल्याशा टॅक्सीची मॅट आली होती. तेव्हापासून गाडी कुणाच्याही ताब्यात द्यायची तर ते आधी ड्रायव्हरच्या पायाखालचे सगळे थर काढत, गुंडाळी करत आणि पिशवीत घालून डिकीत ठेवत. गाडी परत मिळाली की तिथल्या तिथे ते पुन्हा अंथरणंही त्यांना प्रशस्त वाटत नसे. मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत सतरंजी पसरायची, म्हणजे त्याच्या पायांबद्दल शंका घेतल्यासारखं होतं. म्हणून ते कोपऱ्यावरच्या गुलमोहरापर्यंत गाडी हळूहळू नेत, तिथं थांबत आणि मगच थर लावत. पुणेरी वळणाच्या सभ्यतेला इतके कष्ट पडतातच.

शौकतभाईंनी कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग बदलले, टायमिंग लावलं, इंजिनाचा दाब मोजला. मग उदयसिंहांना शेजारी बसवून स्वतः गाडी पळस्प्याच्या रस्त्यावर काढली. गाडी अशी सुटली की उदयसिंहांचा चष्मा नाकावरून वर सरकला.

"माशाअल्ला! शितोळेसाहेब, हिला कसली बीमारी?" शौकतभाई म्हणाले. "अजून चार निकाह बघेल ही."

उदयसिंहांचा ऊर भरून आला. पैसे देऊन, हात मिळवून ते निघाले, गुलमोहराखाली थांबले, सगळे थर नीट लावले, आणि स्टेशनजवळच्या उड्डाणपुलावर त्यांना एका सायकलवाल्यानं साथ दिली.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा गॅरेजला. शौकतभाईंच्या हाती पुन्हा ती चित्त्यासारखी. तिसऱ्यांदाही तेच. दवाखान्यात नेलं की ज्या मुलाचा ताप उतरतो, त्या मुलाच्या आईचे हाल उदयसिंहांना कळू लागले. तिसऱ्या खेपेला शौकतभाईंनी हात पुसले, चहा मागवला आणि शक्य तितक्या नरमाईनं विचारलं, "साहेब, गुस्सा करू नका. तुमी पाय दाबता ना?"

उदयसिंहांनी चहा अर्धा सोडला.

त्यातच गाडीची जुनी नोंदणी वाढवून घ्यायची मुदत आली आणि गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागली. अर्थातच फाटकापाशी गुंडाळी डिकीत गेली. उदयसिंहांनी खरं तेच सांगायचं ठरवलं होतं. "साहेब, गाडीत जोर नाही."

निरीक्षकांनी वर पाहिलं. "काका, मी इतकी वर्षं इथं आहे. लोक मला गाडी चांगली आहे हे पटवायला येतात."

त्यांनी गाडी चालवून पाहिली, खाली उतरले, बॉनेटवर हात फिरवला आणि प्रमाणपत्र मंजूर केलं. उदयसिंह जागचे हलेनात. चढावर ती अडते, ते पुन्हा म्हणाले.

"आता ती अडू शकत नाही," निरीक्षक म्हणाले. "मी सही केलीय. तुम्हाला गाडी नापासच करून घ्यायची असेल तर तसा ऑनलाइन अर्ज करा."

"तसा पर्याय आहे?"

"नाही."

म्हणजे कारागिराच्या लेखी गाडी ठीक होती आणि सरकारच्या लेखीही ठीक होती. उरलं कोण? उदयसिंह त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. उजवा पाय त्यांनी उचलून पाहिला, पुन्हा टेकवला. याच पायानं त्यांनी नीताबाईंना भर पावसात पुण्याच्या इस्पितळात नेलं होतं, मुलीच्या, ऋचाच्या जन्माच्या वेळी. घाटात त्या वेळी एकही गाडी पुढे गेली नव्हती. तो पाय म्हातारा झाला, ही गोष्ट पायाखेरीज सगळ्यांना कळलेली दिसत होती. शौकतभाईंनी फक्त ती बोलून दाखवली.

नीताबाई चहाचा कप घेऊन खाली आल्या. त्यांनी तो खिडकीतून आत दिला. दार उघडलं नाही, कारण शब्द म्हणजे शब्द. पण कप रिकामा होईपर्यंत दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"मीच थकलोय बहुतेक," उदयसिंह म्हणाले.

"डॉक्टरला दाखवा," त्या म्हणाल्या. "गाडीला सगळ्यांना दाखवलंत. तुम्हाला कोणालाच नाही."

हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कधी त्रास होतो?"

"चढावर."

"चढ चढताना. दम लागतो?"

"मला नाही. गाडीला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी दोन्ही पाय वाकवून, ठोकून, दाबून पाहिले आणि या वयाला उत्तम असल्याचं सांगितलं. पण रुग्ण रिकाम्या हातानं उठायला तयार नाही हे पाहून रबरी पट्ट्याचा व्यायाम दिला. पट्टा तळपायात अडकवायचा आणि पाऊल पुढे दाबायचं. उदयसिंह तो रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून करू लागले. समोरच्या इमारतीतले लोक चहा घेऊन गॅलरीत येऊ लागले. महादेवराव खालून ओरडत, "दुसरा गियर टाका!"

पाय घट्ट झाला. जिना ते दोन-दोन पायऱ्या चढू लागले. गाडी मात्र पुलावर तशीच. फरक इतकाच, की ती होती तितक्याच वेगानं चाले आणि ते पेडल जास्त जोरानं दाबत.

आकाशकंदील लागले. उदयसिंहांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि हरेशला फोन लावला. "ये," ते म्हणाले. "गाडी तुझी." शब्द दिला तो नीताबाईंच्या समोर. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नुसताच नळ चालू राहिला.

हरेश त्याच सकाळी आला. नारळ, हार, पेढे आणि उंच काळी गाडी. सोसायटीच्या गॅलऱ्या भरल्या. उदयसिंहांनी शेवटचं काम म्हणून ड्रायव्हरच्या पायाखालचे सगळे थर काढले, अगदी मूळ प्लास्टिकसुद्धा. गाडी विकली होती, सतरंजी विकली नव्हती. गुंडाळी त्यांनी नीताबाईंच्या हाती दिली आणि किल्ली हरेशपुढे धरली.

हरेशनं ती घेतली नाही. "काका, पयली फेरी तुमी मारा. मी बाजूला बसतो. बारीक होतो तवापासून तुमाला चालवताना लांबून बघतोय. मना एकदा आतून बघायचं हाय."

उदयसिंह बसले. पार्किंगमधून रस्त्यावर यायला छोटा चढ आहे. त्या चढावर गेलं वर्षभर पाय तळापर्यंत दाबल्याशिवाय गाडी हलत नसे. त्यांनी सवयीनं तळापर्यंत दाबला. महिनाभर रबरी पट्ट्यावर कमावलेला पाय.

काँटेसा चढ चढली नाही, तिनं तो ओलांडला. वॉचमन सलाम अर्धा टाकून बोगनवेलीत शिरला. महादेवरावांच्या स्कूटरचा आरसा एका बोटाच्या अंतरानं वाचला. चौक आला आणि मागं गेला. उड्डाणपूल समोर उभा राहिला आणि पाहता पाहता आडवा झाला. त्याच्या माथ्यावर एक ट्रेलर लागला, तोही मागं पडला. उदयसिंह पाय उचलायचं विसरले होते, कारण गेल्या वर्षभरात तशी गरजच पडली नव्हती.

"काका! हलू! काका, पोरं लहान हायत माझी!"

परत आले तेव्हा हरेशच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर भक्ती. "तुमी तर बोललात जोर नाय!"

उदयसिंह उतरले. त्यांनी आत वाकून पाहिलं. पायापाशी वाइनचा रंग होता, नव्यासारखा. मग त्यांनी नीताबाईंच्या कडेवरच्या गुंडाळीकडे पाहिलं. सगळे थर एकावर एक ठेवले तर चांगले चार बोटं जाड भरले असते. पेडल आणि तळ यांच्यामधलं अंतर त्यांनी मनातल्या मनात मोजलं, त्यातून चार बोटं वजा केली, आणि बाकी जवळजवळ काहीच उरली नाही. वर्षभर त्यांनी पाय पूर्ण दाबला होता, सतरंजीवर. गॅरेज, आरटीओ, गुलमोहर, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून कंटेनरच्या रांगेसारखं सावकाश गेलं.

पण गाडी दिलेली होती. किल्ली हातात होती ती फक्त अजून.

उदयसिंह शितोळ्यांनी नोकरीत एका पैशाचं कमिशन घेतलं नाही, हे तळोज्यात आजही सांगतात. म्हणूनच पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी जे केलं ते इतकं अनाडीपणानं केलं.

"हरेश, आता तू चालव," ते म्हणाले. "थांब हं, जरा मॅट घालतो. पायाला बरं असतं." आणि त्यांनी प्लास्टिक घातलं, रबर घातलं, काथ्या घातला, त्यावर सतरंजी घातली. खात्री असावी म्हणून सतरंजी दुहेरी घातली.

हरेश बसला. गाडी सुरू झाली, पार्किंगच्या चढापर्यंत गेली, अर्ध्यावर चढली आणि म्हशीसारखी थांबली. हरेशनं पुन्हा दाबलं. गाडी हुंकारली. त्यानं ब्रेक ओढला, उतरला, जमिनीवर गुडघे टेकले आणि आत हात घातला. आधी सतरंजी बाहेर आली. मग काथ्या. मग रबर. मग प्लास्टिक, कडकड वाजत. हरेश एकेक वस्तू फरशीवर मांडत होता आणि गॅलऱ्यांमधली माणसं कठड्यावरून वाकून मोजत होती.

"काका, गाडी इकताय का मांडव उतरवताय?"

उदयसिंहांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतिवृत्तात नोंदवता येईल असं एकही वाक्य त्यांना सुचेना. शेवटी जे होतं तेच बाहेर पडलं. "मला ती द्यायची नाही, हरेश."

"मंग तसं बोलायचं ना! गाडीला कशाला आजारी पाडलंत वर्षभर?"

"मला आत्ता कळलं. शपथेवर सांगतो. आत्ताच."

प्रितेश खोकला. भावनाताईंनी दुसरीकडे पाहिलं. कोणाचाच विश्वास बसला नव्हता.

"खरं बोलतायत ते," नीताबाई म्हणाल्या. "हा डाव दहा मिनिटांपेक्षा जुना असता, तर मला त्यांच्या तोंडावर दिसला असता. त्यांना डाळ आवडली नाही तरी दिसतं."

हरेश हसायला लागला. हसता हसता काँटेसाच्या बॉनेटला टेकला. मग त्यानं किल्ली उदयसिंहांच्या वरच्या खिशात टाकली.

"मी शब्द दिलाय," उदयसिंह ताठ उभे राहून म्हणाले. उरलीसुरली प्रतिष्ठा त्यांनी त्या तीन शब्दांत गोळा केली होती.

"शब्द ऱ्हाऊ द्या माज्याकडं. गाडी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. पन एक काम करा. मना गाडी माज्यासाठी नको होती, काका. आयसाठी पायजे होती. मिठागरावरून डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला यायची ती. तुमची गाडी आली का रस्त्याच्या कडंला उभी ऱ्हायची. बोलायची, एक दिस हिच्यात बसन. आता मी तिला ही मोठी गाडी घेतली, तर तिच्यात चढाया स्टूल लागतो. एक दिवस फिरवा तिला. बास."

रविवारी सकाळी काँटेसा रोडपालीला हरेशच्या दारात उभी राहिली, धुतलेली, आणि पायाखाली गालिच्याशिवाय काही नसलेली. हरेशच्या आई, भामाबाई, हिरवं लुगडं नेसून, अंबाड्यात चाफा खोवून बाहेर आल्या. गाडीच्या दारापाशी त्यांनी चपला काढल्या आणि जोडीनं कडेला ठेवल्या, जशा घराच्या उंबऱ्याशी ठेवतात. नीताबाईंनी, कोणी काही म्हणायच्या आत, दुसरं दार उघडलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. हरेश पुढे बसला.

"मावशी, आता बघा," उदयसिंह म्हणाले. वर्षभराचा हिशोब चुकता करायचा होता. त्यांनी पाय दाबला आणि काँटेसा मोकळ्या रस्त्यावर तीरासारखी सुटली. नीताबाईंनी हँडल धरलं. त्या हसत होत्या, हे उदयसिंहांना आरशात दिसलं.

तेवढ्यात पाठीमागून खांद्यावर एक सणसणीत थाप पडली.

"आरं, पलतोस कुटं? चोरी केलीस का काय?" भामाबाई म्हणाल्या. "हलू घे. याच रस्त्यानं चालून चालून माजं पाय झिजलं. आता मी बसलंय तं लोकांना दिसाया नको?"

उदयसिंहांनी पाय उचलला. गाडी मंदावली, आणखी मंदावली आणि शेवटी माणसाच्या चालीनं चालू लागली. भामाबाईंनी काच खाली करायला लावली. इमारतींच्या रांगेकडे बोट करून त्या नीताबाईंना सांगू लागल्या, की इथं मिठाचं आगर होतं, इथं होडी लागायची, या मोठ्या दुकानाखाली त्यांची विहीर आहे, पाणी गोड होतं. ओळखीचं कोणी दिसलं की त्या हात बाहेर काढत आणि तो बराच वेळ बाहेर ठेवत. दुकानांपुढची माणसं उठून बघत होती. मागं गाड्यांची रांग लागली. एका ट्रेलरनं हॉर्न दिला, मग दुसऱ्यानं. हरेशनं खिडकीतून हात काढून त्यांना थोपवलं. "थांबा रं! आय बसलीय."

उदयसिंहांनी पेडलवर पाय नुसता टेकवून ठेवला होता. खाली किती जागा उरली आहे ते त्यांना तळव्यानं नीट जाणवत होतं.

"आजून हलू," भामाबाई म्हणाल्या.